मोगरीचा पहिला चीक

डोंबिवली,
१४ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. वन्संस,
गोदूचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला हे तुमच्याकडे ठाण्याला येऊन आले ते तुमच्या अनारशांची स्तुती करीतच. ती ऐकून माझे अनारसे डब्यातल्या डब्यात मऊ पडले. पुढल्या वर्षी भावाला इतकं चांगलं खाऊ घालू नका, मला इथे वर्षभर संसार करायचा असतो.

भात कापून झालं. कोपरच्या बाजूला आपल्या शेजारच्या शेतात कुणी खुंट्या रोवून दोऱ्या बांधल्या आहेत, तिथे घरं उठणार म्हणे. सकाळी धुकं असलं की त्या दोऱ्या दिसत नाहीत आणि सगळं तुमच्या लहानपणी होतं तसंच असेल असं वाटतं.

जयाला तिच्या सासरची माणसं पुढच्या महिन्यात शहाडहून बाळंतपणाला आणून सोडतील. माघात तिचे दिवस भरतात. त्याच्या थोडं आधी, पौषात, आपली मोगरी विणार. आणि इथेच माझ्या जिवाला घोर लागला आहे.

मोगरीची आधीची दोन्ही वासरं आठ-पंधरा दिवसांत गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गोठा माझ्या हाती आला आणि मोगरी पहिल्यांदा व्याली, दोन्ही एकाच वर्षी. परवा आईंनी सगळ्यांच्या देखत सांगितलं की गोदूच्या हाताला यश नाही, जयाचं बाळ सुइणीकडून शेजारच्या हौसाबाई घेतील, बारशापर्यंत गोदूने त्याला हात लावायचा नाही. यंदाचं वासरू जगलं तर मग बघू, असंही म्हणाल्या. वन्सं, तुमच्या आईंचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगू? त्या दुष्ट नाहीत. त्या भ्यायल्या आहेत. पण माझ्या एकुलत्या लेकीचं बाळ मी चार हातांवरून बघायचं?

तर अशी माझी परीक्षा मोगरीच्या पोटात आहे. हे पत्र वाचून फाडून टाका. लोभ तुमच्या तळ्यासारखा भरलेला राहो.

तुमची,
गोदू


ठाणे,
२१ नोव्हेंबर १९५३

सौ. गोदूस,
कलावतीचे अनेक आशीर्वाद आणि अनारशांबद्दल एक लटका राग.

पत्र फाडलं नाही. माझ्या हातून पत्रं फाडली जात नाहीत, तुझ्या नवऱ्याची पहिलीतली पत्रंसुद्धा आहेत. हवी असतील तर चिडवायला देईन.

तुझं पत्र घेऊन खिडकीशी बसले होते. तळ्यावर ऊन उतरलं होतं, आणि कुठूनसा ओल्या गवताचा वास आला. एकदम मी नऊ वर्षांची झाले. आमच्या कॉन्व्हेंटच्या मागे, चिंचेच्या पलीकडे, सिस्टर बर्नाडेट यांचा गोठा होता. एक लालसर गाय होती, डेझी नावाची. ती व्याली त्या सकाळी आम्ही मुली प्रार्थना चुकवून कुंपणाशी उभ्या होतो. स्वयंपाकघरातली बाई बादली घेऊन आली, तशी सिस्टरनी तिला वाटेतच अडवलं. आपला पांढरा झगा चिखलात टेकवून त्या खाली बसल्या, आणि ते ओलं, थरथरतं वासरू स्वतः उचलून आईच्या कासेशी लावलं. आम्हाला म्हणाल्या की हे पहिलं दूध त्याचं आहे, आमचं नव्हे. मग घंटा वाजली आणि आम्ही पळालो. इतक्या वर्षांत हे आठवलं नव्हतं. आता डोळे मिटले की वासराच्या तोंडावरचा पिवळा फेससुद्धा दिसतो.

आमच्या मागच्या बिऱ्हाडात जनावरांचे डॉक्टर राहायला आले आहेत, महिपतराव म्हणून. माणूस तरुण, पण बोलणं सावकाश. काल त्यांना चहाला बोलावून मोगरीची हकिगत सांगितली. ते हाताला यश आहे की नाही यावर काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं की वासरू जन्मल्यावर त्याच्या पोटात पहिल्यांदा चीक गेला तो केव्हा? मला फक्त निळ्या काठाच्या वाटीतून खरवस येतो तेवढं ठाऊक!

तेव्हा सगळं नीट आठवून लिही. रडू नकोस. माझी माया तुझ्या पाठीशी आहे, आणि मी काही हलकी बाई नाही.

तुझी,
वन्सं


डोंबिवली,
२६ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमची शेवटची ओळ वाचून हसले, मग विचारलेलं लिहायला बसले.

आपल्या घरची रीत अशी. गाय व्याली की वासराला पुसून गोठ्याच्या पलीकडल्या खुंट्याला बांधायचं. वासरामागून गाईची वार, ती नाळेची पिशवी, पडेपर्यंत कासेला कुणी हात लावायचा नाही, वासरानेही नाही. आधी पान्हा फुटला तर वार आतच अडकते, असं आई सांगतात. वार पडली की पहिली कासंडीभर धार काढायची. त्यातला चीक गावदेवीला, मग खरवस करून घरोघर, आणि मग वासराला सोडायचं.

बाकीच्या गाईंची वार लवकर पडते. सकाळी व्याली तर चुलीवरचा भात होईस्तोवर सगळं उरकतं. मोगरीचं तसं नाही, तिची वार अडून बसते. पहिल्या वेळी दिवेलागण झाली. दुसऱ्या वेळी तर दुसरा दिवस उजाडला.

पहिलं वासरू गेल्यावर मला वाटलं, माझ्याकडून रीत पाळण्यात काही कमी पडलं. म्हणून दुसऱ्या वेळी मी वासराला आणखी लांब बांधलं, आईच्या नजरेलासुद्धा पडू नये असं. चीक जास्त घरी पाठवला. तुमची वाटीही त्या वर्षी काठोकाठ भरली होती. वासरू मग सोडल्यावर मन लावून दूध प्यायलं. ते भुकेने गेलं नाही हो, वन्सं. पोटभर पिऊन गेलं. आठवड्याने हगवण लागली, डोळे आत गेले, आणि माझ्या मांडीवर मान टाकली.

तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं काय चुकलं. खरं असेल तेच कळवा, मायेने गोड करून नको.

तुमची,
गोदू


ठाणे,
३ डिसेंबर १९५३

सौ. गोदूस,
अनेक आशीर्वाद.

सोबतचा कागद आईला मोठ्याने वाचून दाखव. तुझी बाजू तुलाच वाचायला लावते आहे, याबद्दल क्षमा कर. तुझ्या नवऱ्याला, आनंदाला, वाचायला सांगितलं तर तो मधली पानं गाळेल, लहानपणापासूनची सवय आहे त्याची.

*

ती. आईस,
कलावतीचा साष्टांग नमस्कार.

आई, मोगरीची वासरं कुणाच्या हातामुळे गेली नाहीत. ती वाट बघण्यात गेली. महिपतरावांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

गाईने आयुष्यभर ज्या ज्या रोगांशी सामना केला, त्यांना ओळखून अडवणारं काहीतरी तिच्या रक्तात तयार होत असतं. डॉक्टर त्याला अँटिबॉडी म्हणतात. मी राखणदार म्हणते. माणसाच्या बाळाला हे राखणदार बरेचसे आईच्या पोटातच मिळतात, वारेतून आत जातात. गाईच्या वारेचे पदर मात्र असे आहेत की राखणदारांना त्यातून पलीकडे जाता येत नाही. वासरू जन्मतं ते अगदी उघडं. सगळ्या जगात त्याचं कुणी नाही, आणि गोठ्यात रोग तर दबा धरून असतातच.

पण गाईने तजवीज केलेली असते. ते सगळे राखणदार तिने विण्याआधीच कासेत उतरवून ठेवलेले असतात. तोच चीक. तो दाट होतो आणि नुसत्या वाफेवर त्याचा खरवस थिजतो, तो त्यांच्यामुळेच. आपण वड्या पाडतो त्या राखणदारांच्या, आई.

आणि आता खरी गोष्ट. वासराच्या आतड्याला जन्मताना जणू बारीक झरोके असतात. त्यांतून हे राखणदार न पचता, जसेच्या तसे, थेट रक्तात जातात. पण तासागणिक झरोके मिटत येतात आणि दुसऱ्या दिवशी पुरते बंद होतात. त्यानंतर वासराला घागरभर चीक पाजला तरी पोट भरेल, राखण होणार नाही. मोगरीच्या वासरांचं तेच झालं.

वारेचं म्हणशील, तर वासरू ढुशी देऊन पिऊ लागलं की उलट वार पडायला मदतच होते, असं ते म्हणाले. यंदा वासराला उभं राहता येताच कासेशी लावू दे. माझी निळी वाटी रिकामी राहिली तरी मला चालेल.

तुझ्या पायांशी बसलेली,
कलावती


डोंबिवली,
११ डिसेंबर १९५३

चि. सौ. कलावतीस,
आईचे अनेक आशीर्वाद. (आई सांगतात, मी लिहिते. गोदू.)

तुझा कागद गोदूने वाचला. मध्येच तिचा आवाज बसला, मी पाणी दिलं. तेवढ्यावरून मी विरघळले असं समजू नकोस.

तुला मामाच्या घरी ठेवून इंग्रजी शाळेत घातली ती तुझ्या वडिलांची हौस. त्यांना मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलगी शिकून आईलाच शिकवील. ते हसले होते. आता असते तर पुन्हा हसले असते.

माझं ऐक. आधी देवाचं, मग घराचं, मग गुराचं. मी माहेराहून, शीळ गावाहून, सासरी आले तेव्हा मोगरीची पणजी माझ्यामागून चालत आली, फाट्यापाशी दोघींच्या पायांना फोड आले होते. तिची वासरं याच रितीने जगली. त्यांना नव्हते का झरोके? का तेव्हा आतड्याला खिडक्या पाडायची पद्धत नव्हती? तुझ्या डॉक्टरला म्हणावं, एकदा येऊन गोठा सारव, मग बोलू.

गोदूच्या हाताला यश नाही, हेही लिही. (लिहिलं.) मी तिचं वाईट चिंतत नाही. पण पहिलटकरणीचं मूल आहे, मला धोका पत्करायचा नाही. (हेही लिहिलं.)

थंडी पडली आहे, पायांत मोजे घाल. जावयांना आशीर्वाद. आईवर रागावायचं असेल तर समोर येऊन रागाव, कागदावर नको.

तुझी,
आई


ठाणे,
१८ डिसेंबर १९५३

ती. आईस,
कलावतीचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्रातलं अक्षर गोदूचं होतं. ते एक वाक्य तिने फार सुबक लिहिलं आहे, एक काना हलला नाही. तेवढंच बघून मी उठून गेले, म्हणून उत्तराला उशीर.

पणजीची वासरं जगली, कारण तिची वार भात शिजायच्या आत पडत असे. वासरं लवकर पीत. रीत तीच होती, पण उशीर नव्हता. मोगरीच्या वेळी उशीर झाला आणि नाव गोदूचं झालं.

रागावत नाही. एकच विचारते. दुपारी तळ्याकडे बघत पडले की कधीकधी मला फार जुनं काही आठवतंसं वाटतं. अंधार, लुगड्याचा ऊबदार वास, आणि बाहेर कुणीतरी मोठ्याने बोलतंय. खरं की स्वप्न, मला कळत नाही. मी जन्मले तेव्हा तू आधी रीत केलीस की आधी मला पदराखाली घेतलंस?

मोजे घातले आहेत. आशीर्वाद तुझे असतातच, तरी पुन्हा मागते.

तुझी,
कला


डोंबिवली,
१९ जानेवारी १९५४

ती. सौ. वन्संस,
सा. न. वि. वि. आणि उशिराचा तिळगूळ.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, सकाळी ऊन ओसरीवर आलं तेव्हा मोगरी व्याली. कालवड आहे. कपाळावर चंद्रकोरीएवढं पांढरं. मी पुसलं आणि रितीप्रमाणे पलीकडे बांधलं. माझे हात आपोआपच तसे वागले.

आई दाराशी पाटावर बसल्या होत्या. तुमचं ते शेवटचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हापासून त्या मोगरीबद्दल काही बोललेल्याच नाहीत. वारेचं नाव नव्हतं. कालवड दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली, आणि दावं ताणून आईकडे तोंड करून राहिली. हंबरलीसुद्धा नाही. मला सारखे तुमचे झरोके दिसू लागले, एकामागून एक मिटणारे, संध्याकाळी आळीतली दारं लागत जावीत तसे.

तेवढ्यात आई उठल्या. कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या की देवघरातल्या वाती वळायच्या राहिल्यात. वाती मी काल रात्रीच वळून ठेवल्या होत्या, त्यांच्या देखत. आत जाताना त्यांनी गोठ्याचं दार लोटून घेतलं.

वन्सं, मला समजेना की ही परवानगी आहे की परीक्षा. वासरू प्यायलं आणि तरी गेलं, तर रीत मोडल्याचा बोलही माझ्याच कपाळी यायचा. दाव्याची गाठ ओली होती, सुटेना. मग दातांनी सोडली. कालवडीला कासेशी नेलं, सड तोंडात दिला. पहिल्यांदा नुसतीच नाक घासत राहिली. मग ओढ लागली. मोगरीने मान वळवून तिला चाटलं आणि असा काही हुंकार दिला की मी भिंतीला टेकून खाली बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही. कवडशांत धूळ तरंगत होती, चिकाचा गोड वास सुटला होता, आणि पिण्याचा तेवढा आवाज. तुमच्या सिस्टर शेजारी बसल्यात असं वाटलं.

भात चुलीवर चढायच्या आत वार पडली.

आई बाहेर आल्या तेव्हा कालवडीच्या तोंडावर पिवळा फेस होता. त्यांनी बघितला. बोलल्या नाहीत, अजून बोललेल्या नाहीत. जया म्हणते, आजी अबोल्यात आहे की मौनव्रतात, ते तरी विचारा. विचारायची माझी छाती नाही.

आता वाट बघणं आलं. देवाला हात जोडाल तेव्हा एक हात मोगरीच्या लेकीसाठी.

तुमची,
गोदू


डोंबिवली,
३१ जानेवारी १९५४

ती. सौ. वन्संस,
घाईघाईने सा. न.

मागच्या दोघी गेल्या त्याच सुमाराला हिलाही हगवण लागली. डोळे निस्तेज झाले. मी पाण्यात मीठ-साखर घालून पाजत राहिले आणि तिची मान मांडीवर घेऊन बसले, त्या दोघींसारखीच. हौसाबाई डोकावून गेल्या आणि बाहेर जाऊन आईंच्या कानाशी काही बोलल्या. तुमचे डॉक्टर म्हणाले होते ना, की रोग आला तरी लढायला आत कुणीतरी असेल? रात्रभर मी त्यांनाच विनवत होते. देवाचं नाव घ्यायची आठवण राहिली नाही.

सकाळी तिने माझं बोट चोखायला घेतलं. दुपारी उठली. आज अंगणात शेपूट वर करून अशी उधळली की वाळत घातलेलं तुमच्या भावाचं धोतर शिंगांशिवायच घेऊन गेली.

आईंनी ओसरीवरून पाहिलं. हसल्या नाहीत, पण धोतर पुन्हा धुवायला त्यांनीच उचललं.

तुमची,
गोदू


डोंबिवली,
२० फेब्रुवारी १९५४

चि. सौ. कलावतीस,
आईचे अनेक आशीर्वाद. (आई सांगतात, मी लिहिते.)

जयाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक आपल्या घरचं, रंग शहाडचा. बारशाला ये, जावयांना घेऊन ये, आणि त्या डॉक्टरलाही आण. गोठा सारवायला नको, जेवायला.

तुझी निळी वाटी आनंदाबरोबर पाठवते आहे. तिच्यात यंदा खरवस नाही, साखरेच्या पाकातले तीळ आहेत. कालवड पिऊन उरलेल्या चिकाचा खरवस केला होता, तो पातळ राहिला, वड्या पडेनात. तोच देवीला दाखवला. म्हटलं, आधी पोरीने घेतलं, तुला उष्टं चालतं का बघ. देवी काही बोलली नाही. माझ्यासारखीच ती, वेळ आली की गप्प बसते.

तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर इतके दिवस दिलं नाही. तू झालीस तेव्हा आपल्याकडे रीत होती की पहिले तीन दिवस बाळाला मधाचं बोट द्यायचं, आईचा चीक पिळून टाकायचा. माझ्या सासूबाई दाराशीच बसून असत. त्या ओसरीवर कुणाशी भांडायला उठल्या, तेवढ्यात मी तुला पदराखाली घेतलं. बाहेर मोठ्याने बोलत होत्या त्या त्याच. तुला ते आठवावं कसं, देव जाणे. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा सासूची नजर चुकवली. आता सासू मीच. म्हणून त्या दिवशी माझी नजर मीच चुकवली आणि वाती वळायला गेले. कोरड्या हातांनी बसून राहिले आत. गोदूने गाठ सोडली नसती तर काय केलं असतं, ते मला विचारू नकोस.

सुइणीने बाळ आणलं तेव्हा हौसाबाई पुढे झाली. मी तिला थांबवलं. म्हटलं, आधी गोदूच्या हातात द्या.

आता पुढचं तिला लिहायला सांगते आहे तर ही बाई थांबली आहे. लिही म्हणते ना. गोदूच्या हाताला यश आहे.

(लिहिलं. शाई पसरली, म्हणून आईंनी पुन्हा लिहायला लावलं. गोदूच्या हाताला यश आहे. वन्सं, आईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी कागद हातात घेतला आणि ती ओळ कुठली असं विचारलं. मी दाखवली. बाळ माझ्या मांडीवर आहे आणि त्या ओळीवर आईंचं बोट आहे, म्हणून याच्याखाली आता काही लिहिता येत नाही.)